रोइंगच्या कोचिंग टीममध्ये यायचंय? नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुलैत कॉलेजं सुरू झाली की बी.पी.एड.ची दोन-चार मुलं-मुली हमखास विचारायला येतात. "ताई, रोइंग कधी केलं नाही, पण कोचिंगमध्ये यायचं आहे. जमते का?" जमतं. मी एका विद्यापीठाच्या रोइंग संघाबरोबर सहायक कोच म्हणून काम करते, नवशिक्यांची बोट माझ्याकडे असते. क्रिकेट किंवा कबड्डीबद्दल नागपुरात कोणत्याही मैदानावर सांगणारं कोणीतरी भेटतं, रोइंगबद्दल सांगणारं माणूस शोधावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रोअर, म्हणजे बोट वल्हवणारा, जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पुढं काय आहे ते त्याला दिसत नाही. स्वतःचं ब्लेड, म्हणजे वल्ह्याचं पाण्यातलं पातं, बघायला मान वळवली तर बोट कलते, कारण शर्यतीची सिंगल स्कल (एकाच माणसाची, दोन वल्ह्यांची बोट) जेमतेम १४ किलोची, आठ मीटरच्या आसपास लांब आणि पाण्यालगत फूटभरही रुंद नसलेली. त्यामुळे तो नेमकं काय करतोय हे त्याला कोणीतरी बाहेरून सांगावंच लागतं. ते बघण्याचं काम कोचिंग टीममधल्या चार-पाच जणांत वाटलेलं असतं. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून बघायचं, पण रोअरपर्यंत एकच गोष्ट एकाच तोंडून जाऊ द्यायची. या कामात मला सगळ्यात अवघड हेच वाटतं आणि सगळ्यात महत्त्वाचंही हेच.

उदाहरण देते. एका हिवाळी शिबिरात मुलींची डबल स्कल (दोघींची बोट) सतत डावीकडे पडत होती. पाळीवरून एक जण ओरडत होता, "हात वर घ्या." दुसऱ्याचं म्हणणं, "सरळ बसा." तिसऱ्याला वाटत होतं की पुढच्या सीटचा कॅच, म्हणजे ब्लेड पाण्यात घालणं, उशिरा होतोय. तिघांचंही काही अंशी खरं असू शकतं, पण बोटीतल्या मुलीने एका स्ट्रोकमध्ये तीन गोष्टी कशा बदलायच्या? आमच्या मुख्य सरांनी सगळ्यांना थांबवलं, बोट काठावर घेतली आणि बोटीचं काम पाहणाऱ्या दादांना ओरलॉकची, म्हणजे वल्हं ज्यात अडकतं त्या कडीची, उंची मोजायला सांगितली. स्कलिंगमध्ये हात मध्ये एकमेकांवरून जातात तेव्हा डावा हात वर असतो, म्हणून त्या हाताचं ओरलॉक एक-दोन सेंटीमीटर उंच लावतात. ट्रकमधून बोटी आणल्यावर रिगर (ओरलॉक धरणारे बाजूचे दांडे) जोडताना एका सीटचे वॉशर उलटे बसले होते. दादांनी ते बदलले, बोट सरळ झाली. मुलींच्या तंत्रात काही दोष नव्हताच.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत ठरली आहे. पाण्यावर बोट असताना एकच माणूस बोलतो. बाकीचे वहीत लिहितात. बोट काठाला लागली की वह्या एकत्र येतात आणि पुढच्या फेरीसाठी एकच सूचना ठरते. नवीन येणाऱ्यांना हे फार जड जातं, दिसलं की बोलावंसं वाटतं. पण गप्प राहून लिहायला शिकलेला सहायक कोणत्याही मुख्य कोचला हवाच असतो.

बोटीचं काम पाहणाऱ्या माणसाकडे नवे लोक दुर्लक्ष करतात, त्याला मदतनीस समजतात. कृपया असं करू नका. मी जे शिकले त्यातलं निम्मं त्यांच्याकडून शिकले. फूटस्ट्रेचर (पाय टेकवायची फळी) किती पुढे-मागे, दोन ओरलॉकमधलं अंतर म्हणजे स्पॅन, ओरलॉकची उंची, ब्लेडचा कोन, वल्ह्याचा आतला भाग किती लांब, या पाच मापांवर रोअरला प्रत्येक स्ट्रोक किती जड लागणार हे ठरतं. स्कलिंगचं एक वल्हं साधारण २.८८ मीटरचं असतं, त्यात एक सेंटीमीटर इकडेतिकडे केला तरी अनुभवी रोअरला कळतं. स्पॅन सुमारे १६० सेंटीमीटर. त्याऐवजी १५७ लावलात तर उंचीने लहान मुलीला स्ट्रोक जड होतो आणि तिची पाठ दुखायला लागते, मग आपण तिला व्यायाम देत बसतो. पहिला संपूर्ण सीझन पाने आणि टेप घेऊन दादांच्या मागे फिरलात तरी तो वाया गेला असं समजू नका.

आता बघायचं कसं ते. सुरुवातीला सगळी बोट बघायला जाल तर काहीच दिसणार नाही. एक सीट निवडा आणि पाळीवरून बरोबर काटकोनात उभे राहा. पहिल्या दिवशी फक्त ब्लेड पाण्यात कधी जातं ते बघा. सीट पुढे येऊन थांबते त्या क्षणी ब्लेड आत गेलं पाहिजे. बऱ्याच नवशिक्यांचं ब्लेड पाय ढकलायला लागल्यावर आत जातं, म्हणजे पायांचा पहिला जोर हवेत जातो. दुसऱ्या दिवशी फक्त क्रम बघा: ड्राइव्हमध्ये (पाणी ओढताना) पाय, मग धड, मग हात, आणि रिकव्हरीत (परत पुढे येताना) उलट, हात, धड, पाय. तिसऱ्या दिवशी पाण्यातले भोवरे बघा. प्रत्येक ब्लेड पाणी सोडताना मागे एक भोवरा ठेवतं. दोन्ही बाजूंचे भोवरे सारखे आणि समोरासमोर असतील तर जोर सारखा लागतोय. मोबाइलवर शूटिंग करायचं तर फोन आडवा धरा, स्लो मोशन लावा आणि एकाच रोअरला फ्रेममध्ये ठेवा. ते क्लिप्स रोअरला लगेच दाखवू नका, आधी मुख्य कोचला दाखवा.

स्वतः रोइंग केलेलं नसेल आणि बोटीच्या आत यायचं असेल तर एक चांगला रस्ता आहे, कॉक्स होणं, म्हणजे न वल्हवता बोट चालवणं. एटमध्ये (आठ रोअरच्या बोटीत) सगळ्या बोटीत समोर बघणारा तो एकटाच. जागतिक नियमांप्रमाणे कॉक्सचं किमान वजन ५५ किलो, त्याहून कमी असेल तर फरकाचं वजन बोटीत ठेवावं लागतं. बुटक्या, हलक्या मुलामुलींना बाकी खेळांत कोणी विचारत नाही, इथं त्यांची गरज असते. कॉक्स दिशा सांभाळतो, लय सांगतो, आणि कोचने ठरवलेली एकच सूचना योग्य वेळी आठवून देतो. 'ईझी' म्हटलं की वल्हवणं थांबतं, 'होल्ड वॉटर' म्हटलं की ब्लेड पाण्यात रोवून बोट अडवायची. बाकी बोलणं आमच्या बोटीत नागपुरीच असतं. "मागची सीट घाई करून राहिली, थांब नं जरा," एवढंही पुरतं. मी पाहिलेले उत्तम सहायक कोच बहुतेक आधी कॉक्स होते.

हॉलमधल्या अर्गवर, म्हणजे रोइंगच्या मशीनवर, मात्र नवे लोक लवकर रमतात, कारण तिथं आकडे दिसतात. आकडे जरूर शिका, पण त्यांचा अर्थही शिका. अर्गवर वेग आणि ताकद यांचं नातं घनाचं आहे. ५०० मीटरला २ मिनिटं म्हणजे सुमारे २०३ वॉट, आणि १ मिनिट ५० सेकंद म्हणजे सुमारे २६३ वॉट. दहा सेकंद कमी करायला जवळपास तीस टक्के जास्त ताकद लागते. मुलाला "अजून दहा सेकंद काढ" म्हणण्याआधी हा हिशोब डोक्यात असू द्या. दुसरं, डॅम्पर (मशीनच्या पंख्यात हवा किती जाईल ते ठरवणारा खटका) दहावर लावला म्हणजे व्यायाम जास्त, ही समजूत काढून टाका. डॅम्पर तीन ते पाचच्या दरम्यान ठेवा आणि मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे हवेचा प्रत्यक्ष अडथळा दाखवणारा आकडा, बघा. नागपुरात उन्हाळ्यात हॉलमध्ये इतकी धूळ येते की फ्लायव्हीलच्या जाळीत ती साचते आणि त्याच डॅम्परवर ड्रॅग फॅक्टर उतरतो. शेजारच्या दोन मशीनवर डॅम्पर चारच असला तरी दोघांची टेस्ट सारखी होत नाही. टेस्टच्या आधी प्रत्येक मशीनचा ड्रॅग फॅक्टर सारखा करून घेणं हे सहायकाचं काम, आणि निवड चाचणीत मुलांचा विश्वास त्यावरच टिकतो.

२००० मीटरची शर्यत साधारण सहा ते आठ मिनिटांची, आणि त्यातली बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते. म्हणून सरावाचा मोठा भाग मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या संथ, लांब फेऱ्यांचा असतो. मुलांना कंटाळा येतो, ते रेट, म्हणजे मिनिटाचे स्ट्रोक, वाढवतात. त्यांना रोखायला धीर लागतो.

नागपूरच्या हवेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण बाहेरून आलेलं कोणतंही ट्रेनिंगचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. नवतपात आम्ही पाण्यावर पहाटेच उतरतो आणि ऊन चढायच्या आत बोटी शेडमध्ये असतात. सरावाआधी आणि नंतर प्रत्येकाचं वजन घेतो. एक किलो उतरला तर साधारण एक लिटर घाम गेला, आणि तो भरून काढायला दिवसभरात सव्वा ते दीड लिटर पाणी मिठासह जायला हवं. हे वजन लिहिणं कंटाळवाणं आहे, पण ऊन लागून कोसळणारा खेळाडू आधी याच वहीत दिसतो. पावसाळ्यात वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी असतील तर बोट बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा आत नाही. सांडव्याच्या बाजूला तर पावसाळ्यात फिरकायचंच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरलं होतं, ते इथं कोणी विसरलेलं नाही. पाऊस सरला की कुठे कुठे जलपर्णी पसरते. तिच्यात फिन (बोटीच्या तळाचं छोटं पातं) अडकतं, त्यामुळे रोज सकाळी तलाव डोळ्यांखालून घालूनच मार्ग ठरवावा लागतो.

सुरक्षेत तडजोड करणाऱ्या टीममध्ये राहू नका, भले ती कितीही नावाजलेली असो. पोहता न येणाऱ्याला बोटीत बसवायचं नाही. बो-बॉल (बोटीच्या टोकावरचा रबरी चेंडू) जागेवर आहे का, बुटांच्या टाचांची दोरी नीट बांधली आहे का, हवेच्या कप्प्यांची झाकणं बंद आहेत का, हे रोज, प्रत्येक बोटीचं बघायचं. टाचेची दोरी लांब असेल तर बोट उलटल्यावर पाय बुटात अडकतात. उलटलेल्या बोटीला धरून राहायचं, ती तरंगते. पोहत काठाकडे निघायचं नाही, हे प्रत्यक्ष उलटवून शिकवायचं. कोचच्या मोटरबोटीत जास्तीचे लाइफ जॅकेट, दोरी आणि शिट्टी असलीच पाहिजे.

टीममध्ये मॅनेजर असतो, त्याचं काम मुख्यतः कागदांचं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या नियमांप्रमाणे होतात, पात्रता अर्जात एक रकाना चुकला तरी वर्षभर राबलेला मुलगा काठावर उभा राहतो. २०२३ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत रोइंग आलं, गोरखपूरच्या रामगढ तालावर. तेव्हापासून विद्यापीठांमध्ये या खेळाकडे थोडं अधिक लक्ष आहे.

मुलं कुठून आणायची, हेही टीमलाच बघावं लागतं. दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. २०१२ मध्ये सैन्यात गेला, रोइंग तिथं शिकला, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला क्वाड्रपल स्कलमध्ये (चौघांच्या बोटीत) सुवर्ण. विशीत सुरुवात केलेला माणूस कुठवर जाऊ शकतो हे त्याच्याकडे बघून कळतं, म्हणून व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, कबड्डीच्या मैदानांवर उंच, लांब हातांची, हट्टी मुलं-मुली शोधायला आम्ही स्वतः जातो. पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट, म्हणजे कमी वजनाच्या रोअरचा, गट गेला, त्यामुळे उंचीचं महत्त्व आणखी वाढलं आहे. याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडची कितीतरी चांगली मुलं त्या गटातली होती.

नोकरीचं सरळ सांगते. सहायकाला बहुतेक ठिकाणी शिबिरापुरतं मानधन मिळतं, त्यावर घर चालत नाही. शाळेत क्रीडा शिक्षक, जिममध्ये ट्रेनर असं काहीतरी जोडीला ठेवा. बी.पी.एड., एम.पी.एड.नंतर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंगचा डिप्लोमा केला तर क्रीडा खात्याच्या आणि संस्थांच्या जागांसाठी अर्ज करता येतो. तो वर्षाचा आहे. तेवढा वेळ नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. अर्ज करण्याआधी त्या वर्षी आपला खेळ यादीत आहे का ते बघून घ्या. जागतिक संघटनेचे टप्प्याटप्प्याचे कोचिंग कोर्सही आहेत. सैन्यातून आलेल्या कोचबरोबर काम करायची संधी मिळाली तर सोडू नका. २०१० मध्ये ग्वांगझूला भारताचं रोइंगमधलं पहिलं आशियाई सुवर्ण जिंकणारे बजरंगलाल ताखर सैन्यातलेच, आणि पुढे तेही कोचिंगकडे वळले.

यायचं ठरलं असेल तर ऑगस्टमधल्या निवड चाचणीच्या आधी या, तेव्हा अर्गवर हात कमी पडतात. जाड वही, न भिजणारं पेन, स्टॉपवॉच, टोपी आणि दहा व तेरा नंबरचा पाना आणा. पहिले काही आठवडे बोटी उचलायच्या, धुवायच्या आणि वेळ लिहायची. पोहता येत नसेल तर आजच एखाद्या तरणतलावात नाव घाला, ते येईपर्यंत मोटरबोटीतही बसवत नाही.