अपंगत्व पेन्शन नाकारली? आधी हा कागद मागवा
‘आजार सेवेमुळे नाही’ असा शेरा आला की कित्येक माजी सैनिक फाईल कपाटात ठेवून देतात. तसं करू नका.

१. रेकॉर्ड ऑफिसकडून रिलीज मेडिकल बोर्डाच्या (सेवेतून बाहेर पडताना झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या) अहवालाची पूर्ण प्रत मागवा. नाहीच मिळाली तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

२. भरतीवेळच्या तपासणीत त्या आजाराची नोंद आहे का, ते ओळीवर बोट ठेवून वाचा. नोंद नसेल तर अपिलात धरमवीर सिंह खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल लिहा; भरतीवेळी नोंद नसलेला आजार साधारणपणे सेवेमुळेच झाला असं धरावं, असं तो सांगतो. (सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत, नंतर निवृत्त झालेल्यांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं.)

३. पहिलं अपील सहा महिन्यांत करा. नकारपत्राचं पाकीटही जपा, पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो.

वकील परवडत नसेल तर मोफत विधी सेवेसाठी १५१०० ला फोन करा. मूळ कागद मात्र कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या.