किनाऱ्याला जहाज लागलं तर वाळू कशी मोजावी

६ जून २००० रोजी वादळात ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे सुमारे २४० मीटर लांबीचं जहाज गोव्यातल्या कांदोळी-सिंकेरीच्या किनाऱ्याला लागलं आणि २०१२ पर्यंत तिथंच रुतून राहिलं. आई त्याला शेवटपर्यंत आगबोटच म्हणायची. पहिल्या वर्षी आम्ही नुसते बघत राहिलो. वाळू हलतेय हे लक्षात आलं तेव्हा आधीचा एकही आकडा आमच्याकडे नव्हता. ती खंत अजून आहे, म्हणून हे लिहितो.

जहाज दिसताच तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा. जवळ जाऊ नका, मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नका. लाटा जहाजाच्या बुडाखालून वाळू उकरतात, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावरच्या पाण्यात पडतं. वाहून आलेली पिंपं उघडू नका, घरीही नेऊ नका, पोलिसांना कळवा. पायाला तेलाचा चिकटा लागला तर खोबरेल चोळा, रॉकेल नको.

आता मोजणी. त्याच आठवड्यात सुरू करा. खूण पक्की हवी: विहिरीचा कठडा किंवा चिऱ्यांचा जुना गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. माड नको, काठ खचला की तोच आधी आडवा होतो. सुंभाची दोरी भिजली की लांबी बदलते, त्यापेक्षा साधा मोजपट्टा बरा. खुणेपासून वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या समुद्राकडच्या टोकापर्यंत एक माप आणि ओहोटीच्या पाण्यापर्यंत दुसरं. मर्यादवेल मागे सरकू लागली की काठ खरोखर खचतोय असं मी धरतो.

एका जागी मोजून भागत नाही. जहाजाच्या आडोशाला लाटांचा जोर मोडतो, तिथं वाळू साठते. तीच वाळू बाजूच्या किनाऱ्याला कमी पडते. म्हणून जहाजासमोर, उत्तरेला आणि दक्षिणेला अशा तीन खुणा ठेवा. फक्त समोरचं माप घेतलं, तर किनारा वाढतोय असाच समज होईल.

दर अमावास्येला, पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या पूर्ण ओहोटीला मोजा. जूनच्या आकड्याशी जानेवारीचा आकडा लावू नका. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो, हे जहाज नसतानाही होतंच. जूनशी जूनच, जानेवारीशी जानेवारीच. वहीत तारीख, तिथी, वेळ लिहा. फोटो त्याच जागेवरून काढा आणि त्यात मापासाठी कुणाला तरी उभं करा.

जहाज कापून नेलं तरी वही बंद करू नका. आणखी काही पावसाळे मोजत राहा. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना विचारत राहा, जाळ्यात लोखंड अडकतं का. अडकत असेल तर नेमकी जागा त्याच वहीत लिहून ठेवा.