ब्रिटनमधील सुपरमार्केटात स्वतः बिल करताना: किंमत कशी वाचावी, यंत्र कसे हाताळावे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या किराणा खरेदीत बिस्किटाचा पुडा उलटसुलट करून एमआरपी शोधतो, आणि ती त्याला बहुधा सापडत नाही. भारतात वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. ब्रिटनमध्ये उत्पादकाने विक्रीची किंमत ठरवून देण्याची पद्धत 1964 च्या कायद्याने बहुतांशी मोडीत काढली. त्यामुळे किंमत दुकानदार ठरवतो आणि तीच वस्तू दुकानांच्या एका साखळीत एका भावाने, दुसरीत दुसऱ्या भावाने मिळते. एकाच साखळीच्या रेल्वे स्थानकाजवळील छोट्या शाखेत ती गावाबाहेरच्या मोठ्या दुकानापेक्षा महागही असू शकते. म्हणून आठवड्याची मोठी खरेदी मोठ्या दुकानात करावी आणि छोट्या शाखेतून नड भागण्यापुरतेच घ्यावे.

पाकीट वाचण्याची सवय सोडून फळीच्या कडेवरची पट्टी वाचण्याची सवय लावून घ्यावी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत वस्तूची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरांत प्रतिकिलो, प्रतिलिटर किंवा प्रति 100 ग्रॅम दर असतो. हा दर दाखवणे 2004 च्या किंमतदर्शक आदेशानुसार बंधनकारक आहे. 280 चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना मात्र त्यातून सूट असल्याने कोपऱ्यावरच्या दुकानात हिशेब स्वतःच करावा लागतो. खरी तुलना या बारीक आकड्यावरच होते. समजा, 400 ग्रॅम मसूरडाळीचे पाकीट 1 पौंड 40 पेन्सला आहे आणि 1 किलोची पिशवी 3 पौंडांना आहे. लहान पाकिटाचा दर किलोला 3 पौंड 50 पेन्स पडतो, म्हणजे मोठी पिशवी स्वस्त. परंतु त्याच आठवड्यात लहान पाकिटावर सवलत लागून ते 1 पौंड 10 पेन्सला मिळत असेल, तर दर 2 पौंड 75 पेन्सवर येतो आणि मोठी पिशवी घेणाराच जास्त पैसे देतो. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवर दर किलोचा आणि दुसरीवर 100 ग्रॅमचा असेल, तर 100 ग्रॅमच्या दराला दहाने गुणून मगच तुलना करावी. डाळी, तांदूळ आणि मसाले पुष्कळ दुकानांत दोन ठिकाणी असतात, एक नेहमीच्या फळीवर आणि दुसरे ‘वर्ल्ड फूड्स’च्या रांगेत. त्या दुसऱ्या रांगेत मोठ्या पिशव्या असतात आणि त्यांचा किलोचा दर बहुतेकदा कमी असतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणे पाहिल्याशिवाय हळद-जिऱ्याच्या चिमुकल्या बाटल्या उचलू नयेत.

सर्वांत जास्त फसगत होते ती सभासद-किमतीमुळे. टेस्को या सुपरमार्केट साखळीने 2019 पासून आपल्या क्लबकार्ड या सभासद-कार्डाच्या किमती आणि सेन्सबरीज या दुसऱ्या साखळीने 2023 पासून नेक्टर या कार्डाच्या किमती सुरू केल्या. त्यामुळे या दुकानांतल्या अनेक पट्ट्यांवर दोन आकडे असतात, आणि रंगीत चौकटीतला ठळक, आकर्षक आकडा फक्त सभासदांसाठी असतो. सभासदत्व फुकट आहे आणि मोबाइलवर ॲप घेऊन ते मिळते. परंतु दुकानात उभे राहून, मागे रांग खोळंबलेली असताना नोंदणी करणे जमत नाही. ती आदल्या दिवशी घरीच करावी आणि पैसे देण्यापूर्वी ॲपमधला कोड यंत्रासमोर धरण्यास विसरू नये, कारण तोपर्यंत सवलत बिलात लागत नाही. आपण काय खरेदी करतो याची माहिती या सवलतीच्या मोबदल्यात दुकानाकडे जमा होत राहते. ज्याला ती द्यायची नाही त्याला तीच साखर अधिक दराने घ्यावी लागते, आणि ही गोष्ट मला अजूनही अन्यायकारक वाटते. अशा वाचकांनी आल्डीसारख्या सभासद-कार्ड नसलेल्या दुकानाकडे वळावे.

कराची चिंता करण्याचे कारण नाही. बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट शून्य आहे, आणि चॉकलेट, वेफर्स, शीतपेये यांच्यावर 20 टक्के असला तरी तो पट्टीवरच्या किमतीत धरलेला असतो.

आता ग्राहकाने स्वतः वस्तू स्कॅन करून बिल करायच्या यंत्राकडे वळू. माझी आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा एका दुकानात तिने घरची कापडी पिशवी बिलाच्या यंत्राशेजारच्या फळीवर ठेवली. त्याबरोबर लाल दिवा लागला आणि ‘अनएक्स्पेक्टेड आयटेम इन द बॅगिंग एरिया’ असा आवाज आला. आपल्या हातून काहीतरी गैर घडले असे वाटून ती इतकी ओशाळली, की पुढचे दोन आठवडे तिने दुकानात यायचेच टाळले. त्या दिवशी मी तिला आधी नीट समजावून सांगितले असते, तर तो मनस्ताप टळला असता. ज्यांचे आईवडील भेटीला येतात त्यांनी घरून निघण्यापूर्वीच पुढील गोष्ट सांगून ठेवावी. ती फळी म्हणजे तराजू आहे. प्रत्येक बारकोडमागे त्या वस्तूचे अपेक्षित वजन यंत्रात नोंदवलेले असते आणि स्कॅन झाल्यावर तेवढेच वजन फळीवर वाढले की नाही, एवढेच यंत्र तपासते. लाल दिवा म्हणजे दोन आकडे जुळले नाहीत. तो चोरीचा आरोप नाही.

हे एकदा कळले की उरलेले नियम आपोआप सुचतात. आपली पिशवी ठेवण्यापूर्वी पडद्यावरचे स्वतःची पिशवी आणल्याचे बटण दाबावे आणि यंत्र सांगेल तेव्हाच पिशवी फळीवर ठेवावी. एक वस्तू स्कॅन करावी, ती फळीवर ठेवावी आणि मगच दुसरी हाती घ्यावी. दोन वस्तू एकदम ठेवल्या, फळीला हात टेकला किंवा लहान मुलाने तिच्यावरची वस्तू खेळायला उचलली, तर वजन बिघडते. पैसे देऊन होईपर्यंत भरलेली पिशवी खाली उतरवू नये. तांदळाची मोठी पिशवी फळीवर मावत नसेल, तर ती न ठेवण्याचा पर्याय पडद्यावर शोधावा किंवा कर्मचाऱ्याला बोलवावे. पिशवी घरी राहिली असेल, तर दुकानातल्या प्रत्येक पिशवीसाठी इंग्लंडमध्ये मे 2021 पासून किमान 10 पेन्स द्यावे लागतात आणि ती संख्या पडद्यावर आपणच भरायची असते. काही यंत्रे फक्त कार्ड घेतात, म्हणून रोख पैसे द्यायचे असल्यास पहिली वस्तू स्कॅन करण्यापूर्वीच वरची पाटी पाहावी.

सुट्या भाजीला बारकोड नसतो. काही दुकानांत भाजीच्या विभागातच वजनकाटा असून तो चिकटपट्टी छापून देतो. तिच्यावरच्या बारकोडमध्ये वजन किंवा किंमत गुंफलेली असते आणि असे दुकानापुरते बारकोड 2 या अंकाने सुरू होतात. इतर दुकानांत भाजी यंत्राच्या काचेवर ठेवून पडद्यावर तिचे नाव शोधावे लागते. तेथे शाळेत शिकलेले इंग्रजी कमी पडते, कारण वांगे ‘ऑबर्जिन’ या नावाखाली सापडते, ढोबळी मिरची ‘पेपर’ या नावाखाली आणि भेंडी ‘ओक्रा’ या नावाखाली. काही भाज्या वजनावर आणि काही नगावर विकल्या जातात, हेही पट्टीवर आधीच पाहून ठेवावे. नाव सापडले नाही तर अंदाजाने दुसऱ्या, स्वस्त भाजीचे नाव कदापि दाबू नये. महाग वस्तू मुद्दाम स्वस्त म्हणून नोंदवणे हा गुन्हा आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाने आपल्या हेतूबद्दल शंका घेण्यास जागाच ठेवू नये. हात वर करून कर्मचाऱ्याला विचारावे. तो त्यासाठीच तेथे उभा असतो.

संध्याकाळी दर उतरवलेल्या पाव-दुधाच्या वस्तूंवर पिवळी चिकटपट्टी लावतात. तिच्यावर नवा बारकोड असतो आणि तोच स्कॅन करावा लागतो. मूळ बारकोड चुकून यंत्रासमोर गेला तर पूर्ण किंमत लागते, आणि ही चूक फार सहज होते.

काही वस्तूंवर यंत्र मुद्दाम थांबते. दारू तर झालीच, पण नव्या बिऱ्हाडासाठी घेतलेली भाजी चिरायची सुरीसुद्धा इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालील व्यक्तीला विकता येत नाही. पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचा पुरावा मागण्याचे धोरण दुकाने पाळतात, त्यामुळे बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा खरेदीला जाताना पासपोर्ट बरोबर ठेवावा. पॅरासिटामॉलची 16 गोळ्यांची पाकिटे सुपरमार्केटात एका वेळी दोनच मिळतात. जीव वाचवण्यासाठी घातलेली ही मर्यादा आहे, म्हणून तिसऱ्या पाकिटासाठी हुज्जत घालू नये.

पैसे देण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून पडद्यावरचे बिल ओळीने वाचावे. वेष्टनावर छापलेल्या मूळ बारकोडमध्ये फक्त वस्तूचा क्रमांक असतो आणि किंमत दुकानाच्या संगणकातून येते, त्यामुळे वस्तू मांडलेल्या फळीवरची पट्टी बदलायची राहून गेली की दोन आकडे वेगळे पडतात. येथे कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. बूट्स या औषधविक्रेत्या साखळीविरुद्धच्या 1953 च्या खटल्यापासून असे मानले जाते, की फळीवरची किंमत हे ग्राहकाला दिलेले निमंत्रण असते आणि विक्रीचा करार बिल होताना ठरतो. त्यामुळे पैसे देण्याआधी चूक उघडकीस आली, तर चुकीच्या पट्टीवरच्या भावानेच वस्तू द्या असा हक्क सांगता येत नाही. तरीही दिशाभूल करणारी किंमत लावणे बेकायदेशीर आहे आणि पट्टीचे छायाचित्र दाखवल्यास बहुतेक दुकाने कमी असलेली किंमत मान्य करतात. शंका येईल त्या पट्टीचे छायाचित्र म्हणून मी खरेदी करतानाच काढून ठेवतो.

पावती हवी का, असे यंत्र शेवटी विचारते. होय म्हणावे. काही दुकानांत पावतीवरचा बारकोड दाखवल्याशिवाय बाहेरचे फाटक उघडत नाही. शिवाय जास्त पैसे कापले गेल्याचे दाराशी लक्षात आले, तर पावती घेऊन ग्राहकसेवेच्या काउंटरवर गेल्यास फरक तेथेच परत मिळू शकतो. तेथे दाद लागली नाही, तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेच्या 0808 223 1133 या ग्राहक-मदतवाहिनीवर फोन करावा आणि दुकानाचे नाव, तारीख व पावतीवरची ती ओळ सांगण्याची तयारी ठेवावी.