पायथॉनमध्ये एक्सेप्शन आपोआप टिपताय? या चुका टाळा

चालू प्रोग्राममध्ये एक्सेप्शन (काम अडवणारी चूक) कुठे आलं, कोणत्या कॉलमधून आलं, हे आपोआप लॉगमध्ये उतरावं म्हणून बरेच जण सिस मॉड्यूलमधल्या एक्सेप्टहुकला आपलं फंक्शन लावतात आणि निर्धास्त होतात. पण तो हुक चालतो फक्त मुख्य थ्रेडमध्ये (थ्रेड म्हणजे प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी एकेक वाट), तेही एक्सेप्शन कोणीच पकडलं नाही तर. सर्व्हरवरच्या कितीतरी चुका या अटींच्या बाहेर घडतात. मग लॉग कोरा राहतो, काम मात्र झालेलं नसतं.

इतर थ्रेडसाठी थ्रेडिंग मॉड्यूलचा स्वतंत्र एक्सेप्टहुक आहे, पायथॉन 3.8 पासून. तोही लावा. मात्र थ्रेडपूल (कामं वाटून घेणारा थ्रेडचा संच) वापरत असाल तर या दोन्ही हुकांवर विसंबू नका. पूल एक्सेप्शन स्वतःच पकडतो आणि फ्युचरमध्ये, म्हणजे कामाचा निकाल ज्यात येतो त्या ऑब्जेक्टमध्ये, ठेवून देतो. तुम्ही सबमिट केलं आणि रिझल्ट कधी मागितलाच नाही, तर ते कोणाच्याही नजरेस पडत नाही. प्रत्येक फ्युचरला डन-कॉलबॅक, म्हणजे काम संपताच चालणारं फंक्शन, जोडा आणि त्यात एक्सेप्शन आहे का ते तपासा.

एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं (टास्क) आलटूनपालटून चालवणाऱ्या असिंकआयओचं दुखणं याहून चिवट. टास्कमधलं एक्सेप्शन कोणी उचललं नाही, तर त्याची सूचना लॉगमध्ये येते खरी, पण ती टास्क मेमरीतून काढली जाते तेव्हा. तुम्ही टास्क एखाद्या लिस्टमध्ये जपून ठेवली असेल, तर प्रोग्राम बंद होईपर्यंत ती सूचना येतच नाही. टास्कचा संदर्भ तर ठेवावाच लागतो, नाहीतर ती अर्ध्यावरच नाहीशी होऊ शकते. म्हणून इथेही डन-कॉलबॅक हवाच, आणि संपलेली टास्क त्या लिस्टमधून काढायलाही हवी.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय. एक्सेप्ट ब्लॉकमध्ये लॉगर-एरर वापरून फक्त एक्सेप्शनचा मजकूर लिहिला जातो. डिक्शनरीत एखादी की सापडली नाही की कीएरर येतो, आणि त्याचा मजकूर म्हणजे नुसती ती की. लॉगमध्ये 'आयडी' एवढाच शब्द दिसतो आणि मध्यरात्री तो वाचणाऱ्याला काहीच उलगडत नाही. लॉगर-एक्सेप्शन वापरलं की पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे चुकीपर्यंतच्या कॉलची साखळी, येतो. बदल एका शब्दाचा आहे, तो आजच करा. एक एक्सेप्शन पकडून दुसरं उडवत असाल तर 'रेज'सोबत 'फ्रॉम' लिहा, म्हणजे मूळ कारण स्पष्टपणे जोडलेलं राहतं. 'फ्रॉम नन' लिहिलंत तर छापलेल्या ट्रेसबॅकमधून ते कारण गायब होतं.

प्रत्येक एक्सेप्शन टिपायचं म्हणून सेटट्रेस (कोडच्या प्रत्येक ओळीवर आपलं फंक्शन बोलावण्याची सोय) लावण्याचा मोह मात्र आवरा. प्रोग्राम फारच मंदावतो, शिवाय पायथॉन 3.13 पर्यंत पीडीबी डीबगर हीच सोय वापरत असल्याने दोघं एकमेकांच्या आड येतात. पायथॉन 3.12 मध्ये आलेलं सिस-मॉनिटरिंग यासाठी कितीतरी हलकं आहे. तरीही गाळणी लागतेच, कारण पायथॉनमध्ये रोजच्या व्यवहारातही एक्सेप्शन उडत असतात आणि पकडलीही जातात. ती सगळी लिहिलीत तर खरी चूक त्या ढिगात सापडणार नाही.

ट्रेसबॅक ऑब्जेक्ट लिस्टमध्ये साठवून ठेवू नका. त्यांच्यासोबत प्रत्येक फ्रेममधली (म्हणजे साखळीतल्या प्रत्येक कॉलमधली) लोकल व्हेरिएबल्सही मेमरीत अडकून पडतात. मजकूर बनवून तोच ठेवा. लोकल व्हेरिएबल्सच्या किमती लॉगमध्ये छापत असाल तर पासवर्ड आणि ग्राहकांचे मोबाईल नंबर झाकल्याशिवाय अजिबात छापू नका.

सी भाषेतल्या लायब्ररीत सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लावल्याची चूक) झाला, तर एक्सेप्टहुकला संधीच मिळत नाही, प्रोसेस जागीच मरते. त्यासाठी फॉल्टहँडलर सुरुवातीलाच चालू करा. हे मॉड्यूल 3.3 पासून पायथॉनसोबतच येतं, आणि मरता मरता पायथॉनचा कॉल स्टॅक लिहून जातं. त्यात ठरावीक सेकंदांनंतर स्टॅक छापण्याचीही सोय आहे, अडकलेल्या प्रोग्रामसाठी फार कामाची.

आधी काहीच तयारी केली नसेल आणि प्रोसेस आत्ता अडकली असेल, तर रीस्टार्ट करण्याची घाई नको. रीस्टार्ट केलं की पुरावा गेला. पाय-स्पाय हे रस्टमध्ये लिहिलेलं साधन कोडला हात न लावता, प्रोसेस आयडी दिला की सगळ्या थ्रेडचे स्टॅक दाखवतं. डॉकर कंटेनरच्या आतून ते चालवताना परवानगी नाकारली गेली, तर कंटेनरला सिस-पीट्रेस ही (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावू देणारी) क्षमता दिली आहे का ते बघा. ती कंटेनर सुरू करतानाच द्यावी लागते, तेव्हा डिप्लॉयमेंटच्या फाईलमध्ये आधीच लिहून ठेवा.