घर सोडण्याआधी कालनिर्णय भिंतीवरून काढून घ्या

माझी डीव्हीची, म्हणजे घरगुती हिंसाचाराची, केस कुर्ला कोर्टात चालली आणि वकिलाला मी एक रुपयाही दिला नाही. आता ओळखीच्या बायका विचारायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते.

आधी मी पोलीस ठाण्यात गेले होते. त्यांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली आणि समजुतीने घ्या म्हणून घरी पाठवलं. मला वाटलं, संपलं. पण २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याला एफआयआर लागतच नाही. या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, ते तुमचं ऐकून डीआयआर, म्हणजे घटनेचा अहवाल, भरतात आणि अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो. स्वतः किंवा वकिलातर्फेही अर्ज करता येतो. माहेरी राहायला गेला असाल, तर तिथल्या कोर्टातही चालतो.

वकील फुकट मिळायला गरीब असावं लागत नाही. बाईची मिळकत विचारात घ्यायची नाही, असं १९८७ चा विधी सेवा कायदाच सांगतो. तुम्ही नोकरी करत असलात तरी हक्क आहे. कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसात अर्ज द्या, नाहीतर १५१०० ला फोन करा.

आता पुराव्याचं. माझ्या केसपेपरवर ‘पडल्याने मार’ असं लिहिलं होतं, कारण सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि मी गप्प बसले. तुम्ही तसं करू नका. डॉक्टरांना सांगा, कुणी मारलं, कशाने मारलं, आणि ते कागदावर येऊ द्या. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात २००० सालापासून छळ सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र आहे, महापालिकेच्या आणखीही काही हॉस्पिटलांत आहे. तिथे सोबतीला माणूस मिळतं.

मला वाचवलं ते कालनिर्णयाने. दुधाचे खाडे लिहायच्या चौकोनात मी बारीक अक्षरात लिहीत गेले: ‘पगार काढून घेतला’, ‘रात्री बाहेर काढलं, दीड तास’. वकीलबाईंनी त्यावरून तारीखवार अर्ज केला. नुसतं ‘छळ करतात’ असं लिहिलं असतं, तर कोर्टासमोर काय ठेवणार होतो? पगार काढून घेणं हीसुद्धा हिंसाच आहे, हे मला तिथेच कळलं.

अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र त्याच दिवशी द्या. हे विसरू नका. कायदा म्हणतो साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, पण माझी केस त्याहून कितीतरी लांबली. तेवढे दिवस मी अंतरिम आदेशावर काढले: मारहाण करायची नाही, घराबाहेर काढायचं नाही, दरमहा खर्च द्यायचा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून घाबरू नका. असं घरसुद्धा, तुम्ही तिथे संसार केला असेल तर, सामायिक घर, म्हणजे जिथे राहायचा तुम्हाला हक्क मागता येतो असं घर, धरता येतं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

आदेशाची प्रत फुकट मिळते. दोन-तीन झेरॉक्स काढा, एक कायम पर्समध्ये ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रात्री दारावर लाथा बसल्या तेव्हा मी ११२ ला फोन केला आणि पोलीस आल्यावर तीच झेरॉक्स पुढे केली. या वेळी मला कुणी समजुतीने घ्या म्हणालं नाही.