सोलापूरहून शिखर शिंगणापूरला जाताय? मग वाटेत इथं थांबाच

सोलापूर, मोहोळ, पंढरपूर करत सरळ शिंगणापूर गाठतात लोक, पण खरी मजा पंढरपूरच्या पुढं आहे बघा. सकाळी ६ ला निघा, सोबत कडक भाकरी अन् शेंगाचटणी बांधून घ्या.

वेळापूरला मात्र घाईनं उरकू नका. अर्धनारी नटेश्वराचं काळ्या दगडाचं यादवकालीन मंदिर आहे, समोर पायऱ्यांचं कुंड, अन् रामचंद्रदेव यादवाच्या काळातले शिलालेख आहेत. आतली मूर्ती जवळ जाऊन नीट बघा, नाव अर्धनारी असलं तरी मूर्ती शंकर-पार्वतीच्या जोडीची आहे, एवढं देखणं काम आपल्या जिल्ह्यात असून कित्येकांना माहीतच नाही याचं लय वाईट वाटतं.

पुढं माळशिरस, नातेपुते ही माऊलींच्या पालखीच्या मुक्कामाची गावं, आपण फक्त उलट्या दिशेनं जातो. नातेपुत्यात चहा घ्या, गाडीत पेट्रोल बघून घ्या.

चैत्रात यात्रेला जाणार असाल तर कोथळे गावाकडून शिंगणापूरच्या डोंगरावर चढणारा मुंगी घाट बघाच. अवघड चढ, खाली-वर एकमेकांना धरून भाविक कावड चढवतात अन् हर हर महादेवचा गजर चालू असतो. म्हातारी माणसं, लेकरं सोबत असतील तर त्या वाटेनं चढू नका, गाडीरस्त्यानं वर जा.