पासवर्ड असलेल्या खासगी आयआरसी सर्व्हरला हेक्सचॅट जोडणे

आयआरसी म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारण्याची जुनी पद्धत, आणि हेक्सचॅट हा त्यासाठीचा प्रोग्रॅम. सर्व्हर चालवणाऱ्याकडून आधी चार गोष्टी घ्या: सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (जोडणीचा क्रमांक), पासवर्ड आणि टीएलएस (जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी सोय) आहे की नाही. टीएलएससाठी सहसा ६६९७, त्याविना ६६६७.

हेक्सचॅटमध्ये कंट्रोल-एस दाबून नेटवर्कची यादी उघडा, नवे नाव जोडा आणि ‘एडिट’ करा. सर्व्हरच्या ओळीत पत्ता, तिरकी रेघ (/), पोर्ट असे मध्ये जागा न सोडता लिहा. सर्व्हरवर टीएलएस असेल तर एसएसएलच्या (हे टीएलएसचेच जुने नाव) चौकोनात खूण करा. ती नसेल तर पासवर्ड उघडाच जातो. ‘लॉगिन मेथड’मध्ये ‘सर्व्हर पासवर्ड’ निवडा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. निकसर्व्हचा (टोपणनावे नोंदवणाऱ्या सेवेचा) पासवर्ड टोपणनावाचा असतो, चॅनलची म्हणजे गप्पांच्या खोलीची किल्ली फक्त त्या चॅनलची. सर्व्हरचा पासवर्ड मात्र टोपणनावाच्याही आधी पाठवावा लागतो. म्हणून जोडणी झाल्यावर तो टाइप करण्यात अर्थ नाही.

४६४ ही चूक आली तर पासवर्ड जुळला नाही. चिकटवताना शेवटी मोकळी जागा आली का ते पाहा. झेडएनसी बाउन्सर (तुमच्या वतीने सर्व्हरशी सतत जोडलेला राहणारा मधला प्रोग्रॅम) असेल तर पासवर्डच्या जागी वापरकर्ता, तिरकी रेघ, नेटवर्क, कोलन (:) आणि मग पासवर्ड असे सलग लागते. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुतेकदा पोर्ट चुकला किंवा सर्व्हर बंद. नुसतेच ताटकळत राहिले तर फायरवॉल तपासा.

सर्व्हरवाल्याने स्वतःच सही केलेले टीएलएसचे प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल) हेक्सचॅट नाकारते. ‘अवैध प्रमाणपत्र स्वीकारा’ हा पर्याय आहे, पण त्याने तपासणीच बंद होते. सर्व्हरवाल्याला लेट्स एन्क्रिप्टचे मोफत प्रमाणपत्र बसवायला सांगा.